सुवार्ता आणि परतीचं तिकीट

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांतल्या अनेक चर्चना महानगरांतल्या मिशन ट्रिपचे वेध लागतात. दहा-पंधरा तरुण मुलंमुली, सोबत युवकांचं काम पाहणारा एखादा पाळक, भाड्याची व्हॅन आणि आठवडाभराचं आखीव वेळापत्रक. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये पथाऱ्या पसरायच्या. सकाळी बायबलवाचन, मग सात नंबरच्या मेट्रोने एकेका स्टेशनावर उतरून वस्तीतून प्रार्थना करत चालायचं. दुपारी स्थलांतरितांच्या मुलांचे खेळ घ्यायचे, नाहीतर मोठ्यांकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घ्यायचा. एक दिवस मशीद, गुरुद्वारा आणि हिंदू मंदिर बघायचं. संध्याकाळी बागेत बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलणं काढून त्याला येशूविषयी सांगायचं. शुक्रवारी सगळ्यांच्या साक्षी, म्हणजे आपल्याला देवाचा अनुभव कसा आला ते सांगणं, शनिवारी टाइम्स स्क्वेअर, रविवारी आपल्या चर्चमध्ये पडद्यावर फोटो. किती जणांशी बोललो आणि किती जणांनी आपल्याबरोबर प्रार्थना केली, तेही फोटोंबरोबर सांगितलं जातं.

या मुलांची टिंगल करणं सोपं आहे, पण मला ती करायची नाही. विसाव्या वर्षी सुट्टीतला आठवडा परक्या माणसांसाठी द्यावासा वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. माझा प्रश्न त्यांना पाठवणाऱ्यांना आहे. ज्याने नुकताच देश सोडलाय, ज्याचं बस्तान अजून बसायचंय, अशा माणसाच्या दारात परतीचं तिकीट खिशात ठेवून धर्म सांगायला जावं का? मला वाटतं, जाऊ नये. जायचंच असेल तर पाहुणा म्हणून जावं, आणि पाहुण्याने काय करायचं ते यजमानाने ठरवावं.

पूर्वी या सहली मुख्यतः परदेशी जात, अजूनही जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांचा 2005 च्या सुमाराचा अंदाज असा की वर्षाला सुमारे 16 लाख प्रौढ अमेरिकन ख्रिस्ती अशा छोट्या मिशनसाठी देशाबाहेर जातात. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की राष्ट्रं आपल्याच शहरात येऊन राहिली आहेत. ती आली त्याला एक कायदा कारण होता. 1924 पासून अमेरिकेत येणाऱ्यांचा कोटा राष्ट्रीयत्वावर ठरत असे आणि आशियाई माणसाला दार जवळजवळ बंद होतं. 3 ऑक्टोबर 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि ही पद्धत मोडीत निघाली. 2020 च्या जनगणनेत क्वीन्सची लोकसंख्या सुमारे 24 लाख होती, आणि तिथली जवळजवळ निम्मी माणसं अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. जॅक्सन हाइट्समध्ये उतरा, बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी, कोलंबियन, एक्वाडोरियन दुकानं एकाच चौकात भेटतात. ना व्हिसा, ना लसी, ना महागडी विमानं. ज्यासाठी एरवी पाच देश फिरावे लागले असते ते मेट्रोच्या एका पासात बघून होतं.

गडबड इथेच सुरू होते. सुवार्तेच्या, म्हणजे येशूच्या संदेशाच्या, प्रसाराचं नियोजन करणाऱ्यांच्या बोलण्यात माणसं ‘लोकसमूह’ होतात, आणि समूहांची विभागणी ‘पोहोचलेले’ आणि ‘न पोहोचलेले’ अशी होते. मोबाइलची कव्हरं विकणारा गुजराती दुकानदार मग भाडं थकलेला, मुलाच्या शाळेची चिंता करणारा एक माणूस राहत नाही. तो नकाशावरची टाचणी होतो. त्याच्याशी बोलायला येणाऱ्याला त्याचं नाव कळायच्या आधी त्याचा समूह माहीत असतो.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मराठी वाचकाची मान इथे लगेच डोलायला लागते. धर्म सांगण्याला माझा विरोध नाही. ‘हे धर्मांतराचं कारस्थान आहे, बंदी घाला’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. दुसऱ्याला आपला देव सांगण्याचा हक्क काढून घेतला तर सगळ्यांत आधी स्थलांतरितच उघडे पडतात. इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी सत्तरीला टेकलेले असताना 1965 साली मालवाहू जहाजाने अमेरिकेला गेले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बागेत झाडाखाली बसून कीर्तन करू लागले, ते याच हक्काच्या जोरावर. 2002 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातल्या स्ट्रॅटन या गावाचा नियम 8 विरुद्ध 1 मतांनी रद्द केला. दारोदार जाऊन आपला विचार सांगणाऱ्याने आधी परवाना घ्यावा, असा तो नियम होता. न्यायालयात गेले होते यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक, पण निकाल सगळ्यांच्या कामाचा आहे.

क्वीन्सचा इतिहासही हेच सांगतो. 1657 साली, ही वसाहत डचांकडे असताना, गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट याने क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना थारा द्यायला मनाई केली. फ्लशिंग गावच्या रहिवाशांनी लेखी निषेध करून ती मनाई धुडकावली, आणि सह्या करणाऱ्यांत क्वेकर कुणीच नव्हतं. पुढे 1662 साली जॉन बाउन या गावकऱ्याला घरात क्वेकरांची उपासना होऊ दिली म्हणून पकडून हॉलंडला धाडलं. तिथे त्याने आपली बाजू वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे मांडली आणि 1663 मध्ये संचालकांनी गव्हर्नरलाच, माणसांच्या सदसद्विवेकाच्या वाटेला जाऊ नकोस, असं कळवलं. बाउनचं घर फ्लशिंगला अजून उभं आहे. त्याच्या नावाच्या रस्त्यावरच 4 जुलै 1977 रोजी गणपतीच्या मंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली. मिशन ट्रिपवाली मुलं बघायला येतात ते बहुधा हेच मंदिर. तेव्हा हक्काचा प्रश्न तिथे तीनशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. प्रश्न उरतो तो रीतीचा.

रीतीबद्दल ख्रिस्ती जगाने स्वतःच एक चांगला दस्तऐवज केला आहे, आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. 28 जून 2011 रोजी जिनिव्हात जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांची जागतिक इव्हँजेलिकल आघाडी या तिघांनी मिळून बहुधर्मी जगात ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी याविषयी शिफारशी जाहीर केल्या. एरवी या तिघांचं फारसं जमत नाही, म्हणूनही हा कागद मोलाचा. त्यात सुवार्ता सांगण्याचं कर्तव्य ठामपणे मान्य केलं आहे. त्याचबरोबर म्हटलं आहे की गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेऊ नये, सेवेला आमिषाचं रूप येऊ देऊ नये, दुसऱ्याच्या श्रद्धेचं विकृत चित्र रंगवू नये. आणि धर्म बदलणं हे निर्णायक पाऊल असल्याने त्यासाठी विचाराला व तयारीला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे.

पुरेसा वेळ. सोमवारी ओळख, बुधवारी प्रार्थना, शनिवारी टाटा, या वेळापत्रकात तो कुठून आणायचा?

यावर नेहमीचं उत्तर असं की स्थलांतरित म्हणजे कुक्कुलं बाळ नव्हे. सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला नाही म्हणता येतं, त्याला भोळा समजणं हाच अपमान आहे. या उत्तरात तथ्य आहे. जो स्वतःच्या दुकानात उभा आहे तो हसून पत्रक घेतो आणि गल्ल्याखाली टाकतो, त्याची काळजी कुणी करू नये. पण सगळे त्याच्यासारखे नसतात. नव्या देशातले पहिले काही महिने कसे जातात ते ज्याने जवळून पाहिलंय त्याला ठाऊक असतं. फॉर्म कळत नाहीत, डॉक्टरची वेळ घेता येत नाही, नवरा दोन पाळ्या करतो आणि बायको घरात दिवसभर एकटी. अशा घरात कुणीतरी हसतमुखाने येतं, हळू इंग्रजीत बोलतं, मुलांना खेळायला नेतं आणि जाताना विचारतं, “आपण मिळून प्रार्थना करू या का?” यात जबरदस्ती कुठेच नाही, पण नाही म्हणणं जड जातं. होकार आला तर तो देवाला होता, की सोबतीला, की दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून मिळेल या आशेला, हे त्या बाईला स्वतःलाही सांगता येणार नाही. पाहुण्यांच्या हिशेबात मात्र एक आकडा वाढलेला असतो. आणि पुढच्या आठवड्यात शाळेचं पत्र घेऊन ती त्या हॉलवर गेली तर तिथे दुसऱ्या राज्यातली नवी तुकडी सामान लावत असते.

भुतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक घ्या. वर्षानुवर्षं नेपाळच्या छावण्यांत काढल्यावर 2007-08 पासून त्यांतल्या लाखाहून अधिक लोकांचं वेगवेगळ्या देशांत पुनर्वसन झालं, त्यांतले बहुतेक अमेरिकेत. त्यांतले पुष्कळ हिंदू, काही ख्रिस्तीही झाले. ज्यांनी विचार करून धर्म बदलला त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण घर, गाव, नागरिकत्व सगळं गेल्यावर माणसाच्या हातात जी थोडी पुंजी उरते तीत देव्हारा असतो, सणवार असतात, आजीने सांगितलेल्या गोष्टी असतात. त्याला हात घालायचा तर हात घालणाऱ्याने निदान पुढची पाच वर्षं त्याच गल्लीत दिसावं. घरात फूट पडली, म्हातारे रुसले, मुलगा एकीकडे नि बाप दुसरीकडे झाला, तर ते निस्तरायला कोण असतं?

घाईचा दुसरा परिणाम म्हणजे समोर काय आहे तेच दिसत नाही. गव्हाळ चेहरा दिसला की तो हिंदू किंवा मुसलमान, असं धरून संभाषण सुरू होतं. वस्तुस्थिती अशी की अमेरिकेतल्या स्थलांतरितांत बहुसंख्य ख्रिस्तीच आहेत. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2012 च्या पाहणीत भारतीय वंशाच्या अमेरिकनांपैकी 51 टक्के हिंदू निघाले आणि 18 टक्के ख्रिस्ती, जेव्हा 2011 च्या जनगणनेप्रमाणे भारतात ख्रिस्ती 2.3 टक्के होते. क्वीन्समध्ये केरळी ख्रिस्ती कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांतल्या कितीतरी घरात आई नर्स. आपल्याकडे सुवार्ता पहिल्या शतकात प्रेषित थोमाने आणली असं त्यांची परंपरा सांगते. परंपरेचं काटेकोर ऐतिहासिक प्रमाण बाजूला ठेवलं तरी त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, कोलंबसाच्या शेकडो वर्षं आधीची आहे, यात वाद नाही. अशा घरातल्या आजीला केंटकीहून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा ‘तुम्ही येशूविषयी कधी ऐकलंय का’ असं विचारतो, तेव्हा ती काय म्हणत असेल याची मला फार उत्सुकता आहे.

तीच गोष्ट फ्लशिंगच्या कोरियन आणि चिनी चर्चची, रूझवेल्ट अॅव्हेन्यूच्या आसपासच्या स्पॅनिश मंडळ्यांची. वस्तीची भाषा त्यांना येते, कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना माहीत असतं, आणि रविवारी त्यांचे बाक भरतात. पाठवणाऱ्या गोऱ्या चर्चमध्ये मात्र वर्षागणिक बाक रिकामे होत आहेत. सुवार्तेची गरज कुणाला जास्त आहे, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने तरी स्वतःला विचारावा.

अज्ञान आणि घाई एकत्र आली की काय होतं, हे 1999 साली दिसलं. त्या दिवाळीत अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथाने आपल्या लोकांसाठी प्रार्थनेची एक पुस्तिका काढली. तिच्यात कोट्यवधी हिंदू निराशेच्या अंधारात चाचपडत असल्याचं वर्णन होतं, तेही दिव्यांच्या सणाचं निमित्त साधून. हिंदूंनी निषेध केला. त्याच सुमारास या पंथाने पुढच्या उन्हाळ्यात शिकागोत 1 लाख स्वयंसेवक उतरवण्याचा बेत जाहीर केला. विरोध आला तो शिकागोच्या धर्मप्रमुखांच्या परिषदेकडून, आणि त्या परिषदेत ख्रिस्ती धर्मगुरूही होते. अशा मोहिमेने शहरातल्या अल्पसंख्याकांविरुद्ध वातावरण तापेल, फेरविचार करा, असं पत्र त्यांनी पाठवलं. शहरात वर्षानुवर्षं शेजाऱ्यांशी जुळवून घेणाऱ्यांना जे दिसतं ते बाहेरून येणाऱ्याला दिसत नाही.

इव्हान इलिच यांनी हे फार कडक शब्दांत सांगितलं होतं. हे गृहस्थ स्वतः कॅथलिक धर्मगुरू. 1951 च्या सुमारास ते न्यूयॉर्कमध्ये आले आणि वॉशिंग्टन हाइट्समधल्या एका चर्चमध्ये, नव्याने आलेल्या पोर्तो रिकन लोकांत, त्यांनी काही वर्षं काम केलं. त्यांची भाषा आत्मसात केली, चालीरीती समजून घेतल्या, पुढे पोर्तो रिकोतच जाऊन राहिले. म्हणजे ज्या कामाबद्दल आपण बोलतोय ते त्यांनी हाताने केलेलं होतं. 20 एप्रिल 1968 रोजी मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे, उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर बोलायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं त्याचा आशय असा: बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, मदत करायला मात्र येऊ नका. विद्यार्थ्यांच्या हेतूवर त्यांनी शंका घेतली नाही. उलट, चांगल्या हेतूने आंधळी झालेली माणसं इथे उपयोगाची नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. इलिच यांचं सगळंच मला पटत नाही. संस्थांवरचा त्यांचा राग पुष्कळदा अति होतो. पण हे पटतं.

मराठी माणसाला तर याचा जुना अनुभव आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि 1826 साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. परत गेलेच नाहीत. त्यांच्या मागून आलेल्यांनीही इथे आयुष्यं घातली. एवढं शतकभर झाल्यावरही 1917 मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, कारण ख्रिस्त त्यांना हवा होता पण त्याच्याभोवतीची परकी चौकट नको होती. मुक्काम ठोकून राहिलेल्यांच्याही हातून जे नीट साधलं नाही ते सात दिवसांत साधेल, अशी अपेक्षा धरणं म्हणजे गंमतच आहे.

पैशाचं थोडक्यात. 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर हाँडुरासमध्ये अमेरिकी स्वयंसेवकांनी घरं बांधली. तिथेच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी त्यांचा अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासासकट घरामागे सुमारे 30 हजार डॉलर लागले होते, तर स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर सुमारे 2 हजारांत बांधत होती. राहणाऱ्यांच्या आयुष्यात दोन्हींनी सारखाच फरक पडला. गावकऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, तेवढ्या पैशात आणखी घरं झाली असती. देशातल्या देशात न्यूयॉर्कला जायला इतका खर्च येत नाही हे खरं, पण दुसरा मुद्दा इथेही लागू आहे. ‘सहलीने आमची मुलं बदलतात’ हे समर्थन नेहमी दिलं जातं. व्हर बीक यांना तो बदल परतलेल्यांच्या बोलण्यात दिसला, पुढच्या वर्षांच्या देणग्यांच्या नोंदींत फारसा सापडला नाही. आणि समजा, बदलली मुलं, तरी त्यासाठी दुसऱ्याच्या वस्तीने सरावाचं मैदान का व्हावं?

पण मग ख्रिस्ती माणसाने अशा वस्तीत पाऊलच टाकू नये का? याचं उत्तर त्यांच्याच शास्त्रात आहे, आणि ते मला कुठल्याही समाजशास्त्रज्ञापेक्षा जास्त नेमकं वाटतं. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचा. करिंथ हे तेव्हाचं बंदराचं, सगळ्या देशांची माणसं वागवणारं शहर. येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल तिथे पोहोचतो आणि अक्विला व प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी उतरतो. हे दोघे यहुदी. सम्राट क्लौद्याच्या हुकमाने रोमहून हाकलले गेलेले, म्हणजे आजच्या भाषेत निर्वासित. पौल त्यांच्याबरोबर तंबू शिवायचं काम करून पोट भरतो आणि त्या शहरात दीड वर्ष राहतो. घर निर्वासितांचं, उतरलेला प्रेषित. इफिस या दुसऱ्या शहरात तर त्याची शिकवण दोन वर्षं चालली.

छोट्या फेरीचं उदाहरणही आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू सत्तर शिष्यांना दोघादोघांनी पुढे पाठवतो (काही जुन्या प्रतींत बहात्तर). मिशन ट्रिपच्या समर्थनात हा उतारा हमखास येतो, पण अटी गाळून. अटी अशा: थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका, ज्या घरात घेतील तिथेच राहा, घरं बदलत हिंडू नका, पुढ्यात वाढतील ते खा. म्हणजे जाणारा रिकाम्या हाताने जातो, त्याचं जेवण आणि झोप यजमानाच्या मर्जीवर असते, आणि यजमान नको म्हणाला तर त्याने निघायचं असतं. आजच्या तुकडीकडे स्वतःचा नाश्ता, स्वतःचे टी-शर्ट, स्वतःचं वेळापत्रक आणि स्वतःचा मुक्काम असतो. तिला वस्तीकडून काहीच लागत नाही. ज्याला आपल्याकडून काहीच नको असतं तो कितीही प्रेमळ असला तरी त्याच्यासमोर आपण लहानच होतो.

म्हणून मी पाहुण्याची अट घालतो. आमंत्रण वस्तीतल्या मंडळीचं असावं; कोरियन, स्पॅनिश, नेपाळी, मल्याळी, जी असेल ती. काम तिने सांगावं. मंदिराला भेट द्यायची तर मंदिराच्या विश्वस्तांना आपण कोण आणि कशाला येतोय ते सरळ सांगून द्यावी, आणि बाहेर पडून पायरीवर त्यांच्या अंधारासाठी प्रार्थना करू नये. कुणी आपणहून विश्वासाविषयी विचारलं तर मोकळेपणाने सांगावं, तो दोघांचाही हक्क आहे. आठवड्यात कुणाकडूनही निर्णय मागू नये. जो मागायचा तो वस्तीत राहणारा पाळक मागेल, सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, आणि परिणामांना तोंडही तोच देईल.

असं काम आधीपासून चालू आहे. 1980 च्या कायद्याने अमेरिकेत निर्वासितांच्या पुनर्वसनाची जी व्यवस्था उभी राहिली तिचा मोठा भार धार्मिक संस्थांनीच उचलला: कॅथलिक बिशपांची परिषद, ल्युथरन, एपिस्कोपल, इव्हँजेलिकलांची वर्ल्ड रिलीफ, शिवाय ज्यूंची हिआस. सरकारी पैशावर धर्मप्रचार करायचा नाही, ही अट पाळून त्यांनी माणसांना विमानतळावरून आणलं, घरं लावून दिली, मुलांना शाळेत घातलं. त्याही आधी, 1889 साली, समाजसेविका जेन अॅडम्स शिकागोतल्या इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस या सेवाकेंद्रात राहायला गेल्या. तिथे धर्मशिक्षण ठेवलं नव्हतं. तिथल्या मंडळींच्या खटपटीने 1893 मध्ये इलिनॉय राज्यात 14 वर्षांखालील मुलांना कारखान्यात राबवायला बंदी करणारा कायदा झाला.

आणि गेल्या काही काळात दारावरच्या थापेचा अर्थच बदलला आहे. चर्च, शाळा, रुग्णालयं अशा ठिकाणी स्थलांतरितांची धरपकड शक्यतो करू नये, ही सरकारी सूचना जानेवारी 2025 मध्ये मागे घेतली गेली. निर्वासितांचे प्रवेशही त्याच महिन्यात थांबवले गेले. पुष्कळ मंडळ्यांत माणसं रविवारी यायला बिचकतात. अशा गल्लीत सकाळी सकाळी एकसारखे टी-शर्ट घातलेल्या पंधरा अनोळखी लोकांनी घंटा वाजवत फिरावं, असं वस्तीतल्या कुणाला वाटेल? त्यांना विचारून तर बघा. मला वाटतं, क्वीन्समधला एखादा पाळक नम्रपणे सांगेल की जुलैत नको, फेब्रुवारीत या, थंडीत आमच्याकडे हात कमी पडतात. पंधरा नकोत, दोघंच या, आणि दोघांपैकी एक वकील असू द्या.